जर्नलमधली रीडिंगं कुणाची? एस.वाय.पासून एमएस्सी-पीएचडीच्या प्रवेशाची तयारी

प्रश्न असा आला आहे: "सर, मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, मेजर फिजिक्स. पुढे आयआयटी, आयसर नाहीतर टीआयएफआर अशा मोठ्या विज्ञान संस्थेत शिकायचंय. पुण्यात राहून क्लास लावण्याइतके पैसे नाहीत. इंग्रजी बेताचं आहे. आता चौथं वर्षही आलंय, ते करू की तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडू? पप्पा म्हणतात बी.एड. कर, नोकरीचं तरी बघता येईल. कुठून सुरुवात करू? कोणती पुस्तकं घेऊ?"

पुस्तकांचं नंतर बघू. आधी तुझं प्रॅक्टिकलचं जर्नल उघड. एफ.वाय.चंही काढ. प्रत्येक प्रयोगाच्या ऑब्झर्व्हेशन टेबलवर बोट ठेव आणि खरं सांग, यातली किती रीडिंगं तू स्वतः घेतलीस आणि किती सिनिअर ताईच्या जर्नलवरून उतरवलीस? मला उत्तर कळवायची गरज नाही. मी सत्तावीस वर्षं बी.एस्सी.ला शिकवलं, हजारो जर्नलांवर सह्या केल्या, त्यातली निम्मी कुठून आली हे मला सही करतानाच कळायचं.

मी हे आधी विचारतो याला कारण माझीच फजिती आहे. १९९३ साली मी एका मोठ्या संशोधन संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. लेखी परीक्षा बरी गेली होती. समोर चार जण, त्यातल्या एकांनी अगदी प्रेमाने विचारलं, आवडता प्रयोग कोणता? मी म्हटलं, न्यूटनची वर्तुळं. मध्यभागी काळा ठिपका का दिसतो? ते पाठ होतं, सांगितलं. मग ते म्हणाले, "तुमच्या लॅबमध्ये काळाच दिसला होता?" मी हो म्हणालो. खरं तर आमच्या कॉलेजातला सोडियम दिवा त्या वर्षी बंदच होता, आणि अख्ख्या बॅचने आदल्या वर्षीची रीडिंगं उतरवली होती. पुढचा प्रश्न: "समजा तिथे पांढरा ठिपका दिसला असता, तर तुमची तरंगलांबी चुकली असती का?" मी छातीठोकपणे म्हणालो, हो, चुकली असती. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलाखत तिथेच संपली होती. मला ते बसस्टँडवर पोचल्यावर कळलं.

बरोबर उत्तर काय ते तुला सांगून ठेवतो. बहिर्गोल भिंग आणि सपाट काच यांच्यामध्ये हवेचा पातळ थर असतो. खालच्या काचेवरून परावर्तित होणारा किरण हवेतून काचेवर आपटतो, म्हणून त्याची कला (फेज) अर्ध्या तरंगाने उलटते. वरच्या किरणाचं तसं होत नाही. स्पर्शबिंदूपाशी थराची जाडी शून्य, त्यामुळे दोन्ही किरण एकमेकांना मारतात आणि ठिपका काळा दिसतो. पण भिंगाखाली धुळीचा कण अडकला की भिंग किंचित वर उचललं जातं, जाडी शून्य राहत नाही आणि ठिपका उजळही दिसू शकतो. तालुक्याच्या लॅबमध्ये धूळ नसेल तर नवल. आता गंमत बघ. आपण एका वर्तुळाच्या व्यासावरून तरंगलांबी काढतच नाही. दोन वर्तुळांच्या व्यासांच्या वर्गांची वजाबाकी घेतो. धुळीमुळे आलेली जादा जाडी दोन्हीत सारखीच असते, ती वजाबाकीत उडून जाते. व्यासाचा वर्ग आणि वर्तुळाचा क्रमांक यांचा आलेख काढलास तर रेषेचा चढ तोच राहतो, रेषा फक्त वरखाली सरकते. म्हणजे ठिपका पांढरा असला तरी सोडियमचे ५८९३ अँगस्ट्रॉम येतातच. ज्याने कधी डोळा लावून ती वर्तुळं मोजलीत, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू उलटा फिरवल्यावर बॅकलॅशने, म्हणजे स्क्रूच्या ढिलाईने, रीडिंग कसं बिघडतं हे भोगलंय, त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. प्रवेशाची तयारी म्हणून पदवीच्या बाहेर काही वेगळं उभं करायचं नाहीये. जी पदवी तू आत्ता करते आहेस, तीच स्वतःच्या हाताने करायची आहे. माझ्या हाताखालून जी मुलं आयआयटीला, आयसरला गेली त्यांतली काही हुशार होती, काही माझ्यासारखी मध्यमच. पण त्यांतल्या एकाचंही जर्नल उसनं नव्हतं.

प्रयोगाचं सांगितलं, गणितांचंही तेच. आपल्याकडे डेरिव्हेशन पाठ करून पंधरा मार्कांचा प्रश्न लिहायची सवय लागते. गणित आलं की मुलं सोडवलेलं उदाहरण वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. वाचताना सगळं सोपंच वाटतं. तू असं कर: प्रश्न कोऱ्या कागदावर उतरव, पुस्तक बंद कर, चाळीस मिनिटं झगड. नाहीच सुटलं तर उत्तराची पहिली ओळ बघ, परत बंद कर. सुटल्यावर त्या उत्तराला दोन-तीन प्रश्न विचार. एकक जुळतं का? टोकाच्या स्थितीत काय होतं? कप्पीवरून सोडलेल्या दोन वस्तुमानांचं साधं गणित घे. त्वरण म्हणजे वस्तुमानांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले जी (गुरुत्वीय त्वरण). दोन्ही सारखी घे, त्वरण शून्य यायला हवं. एक शून्य कर, दुसरं सरळ जी त्वरणाने पडायला हवं. उत्तर या दोन्ही कसोट्यांना उतरलं नाही तर चूक कुठेतरी वर आहे. ही सवय एकदा लागली की परीक्षेत चारपैकी दोन पर्याय गणित न करताच खोडता येतात. आणि मुलाखत घेणारे नेमकं हेच बघत असतात. "एक्स साइन एक्सचा आलेख काढा" असं सांगून ते गप्प बसतात. तू शून्यापाशी काय होतं, लांब गेल्यावर काय होतं, कुठे अक्षाला छेदतो, हे बोलत बोलत काढायला लागलीस की त्यांचं काम झालं.

दिवसाला तीन गणितं. जास्त नकोत. प्रॅक्टिकलच्या दिवशी एक झालं तरी चालेल, पण वहीत तारीख टाक. आठवड्याच्या शेवटी न सुटलेली परत घे.

आता पुस्तकं. कपाटभर घेऊ नकोस, विषयाला एक पुरे. विद्युतचुंबकत्वासाठी ग्रिफिथ्स, त्याचं पहिलं प्रकरण निव्वळ सदिशांच्या गणिताचं आहे, ते वगळून कुणी पुढे गेलं की तिसऱ्या प्रकरणात आपटतं. यांत्रिकीला क्लेपनर-कोलेनकाव, पण ते अवघड वाटलं तर आधी बारावीच्या पातळीची अवघड गणितं सोडवून हात बसव, त्यात कमीपणा नाही. बाकी विषयांना तुमच्या लायब्ररीत जे जुनं, पानं पिवळी पडलेलं इंग्रजी पुस्तक असेल, ज्यात प्रकरणाच्या शेवटी प्रश्न आहेत, ते चालेल. फक्त विद्यापीठाच्या पेपरसाठी छापलेली गाइडं या कामाला चालणार नाहीत, त्यात गणितं नसतातच. शिक्षक हवा असेल तर एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. मात्र व्याख्यान बघणं हा अभ्यास नाही. एक तास बघितलंस तर दोन तास कागदावर जायला हवेत. क्लासचं म्हणशील तर क्लासने शिस्त लागते, सराव परीक्षा मिळतात, हे खरं. पण जॅमचे, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेचे, जुने पेपर अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि तीन तास घड्याळ लावून बसायला पुण्यात खोली घ्यावी लागत नाही.

जॅम म्हणजे काय ते थोडं नीट सांगतो, कारण नाव सगळ्यांना माहीत असतं पण पेपरची रचना फार थोड्यांनी बघितलेली असते. ही परीक्षा फेब्रुवारीत होते, दरवर्षी वेगळी आयआयटी घेते. २०२५ ला दिल्लीने घेतली, २०२६ ला मुंबईने. त्यामुळे संकेतस्थळही दरवर्षी बदलतं, गेल्या वर्षीचं उघडून बसू नकोस. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात ३० बहुपर्यायी प्रश्न, ५० गुणांचे, आणि त्यात चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. दुसऱ्या भागात १० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात. इथे गुण कापत नाहीत, पण सगळे बरोबर पर्याय निवडले आणि चुकीचा एकही निवडला नाही तरच गुण. अर्धवट उत्तराला काही नाही. तिसऱ्या भागात २० प्रश्न, ३० गुण, पर्यायच नाहीत, आकडा काढून भरायचा. इथेही कापाकापी नाही. म्हणजे अर्धा पेपर, पूर्ण ५० गुण, असा आहे जिथे चुकीची शिक्षा नाही, पण तुक्का लागण्याची शक्यताही जवळजवळ नाही. आकडा यायला गणित पूर्ण सुटावंच लागतं. पाठांतरवाले नेमके तिथे अडकतात.

अभ्यासक्रम बघितलास तर तो जवळपास बी.एस्सी.चाच आहे: गणिती पद्धती, यांत्रिकी, तरंग आणि प्रकाश, विद्युतचुंबकत्व, ऊष्मागतिकी, आधुनिक भौतिकी, घनस्थिती आणि इलेक्ट्रॉनिक्स. पण यात एक मेख आहे, ती मला दरवर्षी मुलांना ओरडून सांगावी लागायची. जॅम फेब्रुवारीत, तेव्हा तुमचं सहावं सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं असतं. जे विषय कॉलेज सहाव्या सेमिस्टरला शिकवणार, ते परीक्षेच्या आधी वर्गात होणारच नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरबरोबर मायनर, ओपन इलेक्टिव्ह, ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट असं बरंच काही आल्यामुळे फिजिक्सचा मोठा भाग तिसऱ्या वर्षाकडे ढकलला गेला आहे. म्हणून आज संध्याकाळी एक काम कर. जॅमचा अभ्यासक्रम आणि तुमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेव आणि सहाव्या सेमिस्टरला येणाऱ्या विषयांवर लाल पेनने खूण कर. ते तुझे तुलाच शिकायचे आहेत, आणि त्यासाठी एस.वाय.ची उन्हाळी सुट्टी आणि टी.वाय.ची दिवाळी एवढेच दोन मोकळे तुकडे आहेत. मायनर निवडायची संधी अजून असेल तर गणित घे. रसायनशास्त्रातले सर कितीही चांगले असले तरी गणितच घे.

जॅमशिवायचे दरवाजे: टीआयएफआरची स्वतःची परीक्षा साधारण डिसेंबरात असते आणि बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएचडीला (एमएस्सी आणि पीएचडी सलग) घेतात. बंगळुरूची आयआयएस्सी जॅमच्या गुणांवर एकात्मिक पीएचडीसाठी मुलाखतीला बोलावते. भौतिकीत जेस्ट नावाची एक सामाईक परीक्षा आहे, तिच्या गुणांवर अनेक संशोधन संस्था निवड करतात. हैदराबादसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. आणि पुणे विद्यापीठाचा, शिवाजी विद्यापीठाचा विभाग. यांना 'नाहीच कुठे मिळालं तर' या यादीत टाकू नकोस. मी स्वतः कोल्हापूरला एमएस्सी केली, तिथली लायब्ररी आणि रात्रीची अभ्यासिका यांच्यावर आयुष्य काढलं. आयआयटीतून नुसती एमएस्सी करायची असेल तर प्रवेश निव्वळ जॅमच्या क्रमांकावर होतो, मुलाखत नसते. एकात्मिक पीएचडीला मुलाखत असतेच. जागांचा अंदाज घे: सगळ्या आयआयटी आणि सगळे विषय मिळून जॅममधून सुमारे ३,०००. 'क्वालिफाय झाले' म्हणजे प्रवेश मिळाला असं नव्हे, हे घरी आधीच सांगून ठेव, नाहीतर पेढे वाटून झाल्यावर सांगावं लागतं.

अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, म्हणजे टी.वाय.ला असताना, गणपती ते दिवाळीच्या मध्ये. मुलींना शुल्क निम्मं असतं. आता कागदपत्रं. तू कोणत्या प्रवर्गातली आहेस ते लिहिलं नाहीस, मी विचारतही नाही, पण जे लागू असेल ते आत्ताच तपास. राज्यातल्या प्रवेशाला चालणारा नॉन-क्रिमिलेअर दाखला केंद्राच्या प्रवेशाला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातलाच ओबीसी दाखला लागतो, आणि जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी हा प्रवर्ग फक्त राज्याचा आहे. केंद्राच्या अर्जात तो रकानाच नसतो. अशा मुलांनी ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकाच्या) अटीत बसतो का ते पाहावं. उत्पन्नाबरोबर तिथे जमिनीचीही अट आहे, शेती पाच एकरांपेक्षा कमी हवी. हे दाखले बहुधा चालू आर्थिक वर्षातले मागतात, म्हणून एप्रिल उजाडला की सेतूत अर्ज टाकायचा. ऑगस्टमध्ये गेलीस तर प्रांत ऑफिसच्या चकरांमध्ये सप्टेंबर जाईल. एका मुलाचा चांगला क्रमांक येऊनही दाखल्याच्या नमुन्यावरून सर्वसाधारणमध्ये गेल्याचं मी पाहिलं आहे. त्याला ती एक जागा परत कुणी दिली नाही. एटीकेटी असेल तर तीही पाचव्या सेमिस्टरच्या आत काढून टाक. विद्यापीठाचा निकाल लांबला की आधीच धांदल होते, त्यात राहिलेला विषय नको.

उन्हाळ्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तालुक्याच्या मुलांना याची खबरच नसते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात, म्हणजे तुझ्यासाठी आत्ताच. निवड झाली तर दोन महिने एखाद्या संस्थेत एका शास्त्रज्ञाबरोबर काम, वर प्रवासखर्च आणि विद्यावेतन. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस नावाचा उपक्रम आहे, खास पदवीच्या मुलांसाठी. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, त्यांचेही सुट्टीतले कार्यक्रम असतात. गणिताकडे ओढा असेल तर १९९३ पासून चालत आलेलं एमटीटीएस हे उन्हाळी शिबिर. बारावीला तू बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असशील आणि इन्स्पायर शिष्यवृत्ती घेत असशील, तर वर्षाच्या ८०,००० पैकी २०,००० हे उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात; कितीतरी मुलं प्रकल्पच करत नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात.

यातलं काहीच मिळालं नाही तर? तर तुमच्या कॉलेजातल्या सरांना सांग, मे महिन्यात लॅबची किल्ली द्या. साधा लंबक घे. एक मीटर दोरी, आंदोलनकाल दोन सेकंदांच्या आसपास. स्टॉपवॉच दाबण्यात हाताची चूक ०.२ सेकंद धर. एकच आंदोलन मोजलंस तर कालात १० टक्के चूक, आणि जी काढताना कालाचा वर्ग येतो म्हणून जी मध्ये २० टक्के. वीस आंदोलनं मोजलीस तर वेळ ४० सेकंद, चूक तेवढीच ०.२, म्हणजे अर्धा टक्का, आणि जी मध्ये एक टक्का. आपण वीस आंदोलनं का मोजतो याचं हे उत्तर आहे. 'जर्नलमध्ये तसं लिहिलंय' हे नव्हे. मग दोरी जास्त कोनातून सोडून बघ, काल किती बदलतो. हेच महिनाभर केलंस आणि नीट लिहून ठेवलंस तर मुलाखतीत सांगायला तुझ्याकडे स्वतःचं काहीतरी असेल. फेब्रुवारीच्या २८ तारखेला, विज्ञान दिनाच्या सुमारास, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. एसटीने जाऊन ये, मैत्रिणींना घेऊन जा.

उन्हाळी शिष्यवृत्तीला शिफारसपत्र लागतं. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मीही दोनदा असं म्हटलंय, आता लाज वाटते. मुलीने स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र 'कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक' असंच येतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं. तुझ्या सरांना वेळ नसेल तर पत्राऐवजी एक पान टिपण दे: कोणता प्रयोग करताना काय अडलं, ते कसं सोडवलं, कोणतं सेमिनार दिलं, कोणत्या विषयात किती मार्क. तारखांसकट. मग सर म्हणतील, अरे हो, त्या दिवशी स्पेक्ट्रोमीटर तूच सेट केला होतास. पत्रात ते एक वाक्य आलं तरी बाकी विशेषणं लागत नाहीत. आणि हे पान देण्याआधी दोन महिने तरी सरांना शंका विचारायला जात जा. ज्या मुलीचं नाव स्टाफरूममध्ये कुणालाच माहीत नाही, तिच्यासाठी चांगलं पत्र लिहिणार कोण?

चौथ्या वर्षाचं. संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून आलं, त्यामुळे अनुभवाने सांगणारं कुणी नाही. मी माझं मत सांगतो. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि मग दोन वर्षांची एमएस्सी. किंवा चौथं वर्ष ऑनर्सचं, त्यानंतर एक वर्षाची एमएस्सी. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के हवेत. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते, पीएचडीलाही अर्ज करता येतो. कागदावर हे आकर्षक आहे. पण चौथं वर्ष म्हणजे संशोधन, आणि संशोधनाला चालू स्थितीतली उपकरणं आणि स्वतः संशोधन करणारा माणूस लागतो. तुमच्या कॉलेजात दोन्ही असतील तर अवश्य थांब. नसतील तर तिसऱ्या वर्षानंतर जॅम देऊन बाहेर पड; दोन वर्षं चांगल्या संस्थेत काढणं हे एक वर्ष रिकाम्या लॅबमध्ये काढण्यापेक्षा कधीही बरं. अमेरिकेला जायचं असेल तर तिथल्या बहुतेक विद्यापीठांना सोळा वर्षांचं शिक्षण लागत आलंय, पण तीन अधिक दोन केल्यावर तो प्रश्न राहत नाही. परदेशाचा विचार एमएस्सीच्या पहिल्या वर्षी कर, आत्ता डोक्याला तो भुंगा नको.

इंग्रजी. मी मराठी माध्यमाचा, आजही 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सारखाच उच्चारतो. डेरिव्हेशन आधी मराठीत मोठ्याने समजावून सांग, आईला सांग, भिंतीला सांग. कुठे अडखळतेस ते बघ. बहुतेक वेळा अडखळणं फिजिक्सचं असतं, आपण त्याला इंग्रजीचं नाव देतो. मग तेच इंग्रजीत, तुटक वाक्यांत. संज्ञा मात्र इंग्रजीच धर. कोनीय संवेग म्हणजे अँग्युलर मोमेंटम हे परीक्षेच्या हॉलमध्ये आठवत बसायला नको. मुलाखतीला फळा असतो, खडू हातात घेतला की निम्मी भाषा चित्र आणि समीकरणं बोलतात.

पप्पांचं चुकत नाहीये. घरात दुसरी कमाई नसताना 'पाच-सहा वर्षं अजून शिकणार' हे ऐकणं सोपं नसतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आकडे दाखव. एकात्मिक पीएचडीला आयआयएस्सीसारख्या संस्था सुरुवातीपासून विद्यावेतन देतात. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या पीएचडीच्या अधिछात्रवृत्ती आहेत. आणि एमएस्सीनंतर बी.एड. करता येतंच, ती वाट कुठे जात नाही. मी असाच एका मुलीच्या वडिलांना भेटायला तिच्या घरी गेलो होतो. ते द्राक्षाच्या बागेतून उठून आले, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हॉस्टेल मुलींचं वेगळं असतं का?" खरी काळजी तिथे होती. आम्ही मात्र तासभर करिअरवर बोलत होतो.

नाही मिळालं तर एक वर्ष ड्रॉप घेऊन घरी बसू नकोस. जॅमचा निकाल त्या वर्षापुरताच चालतो आणि घरी बसलेल्या मुलीवर लग्नाचा विषय कसा घिरट्या घालतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश घे. तिथून नेट आहे, गेट आहे, जेस्ट परत देता येते, आणि पीएचडीला टीआयएफआर-आयसरचे दरवाजे दुसऱ्या बाजूने उघडतात. माझ्या माहितीत असे कितीतरी आहेत.

आता हा आठवडा. जॅमचा अभ्यासक्रम शोधून लाल खुणा कर. उन्हाळी शिष्यवृत्तीचा अर्ज निघालाय का ते बघ, आणि सरांसाठी ते एक पान लिहायला घे. सदिशांचं पहिलं प्रकरण सुरू कर, दिवसाला तीन गणितं. आणि सोमवारी प्रॅक्टिकल असेल तर पंधरा मिनिटं आधी जाऊन सोडियम दिवा लाव. सुरुवातीला तो लालसर जळतो, नीट पिवळा व्हायला वेळ घेतो, आणि घाईत असलेली बॅच तेवढ्यात रीडिंग उतरवून मोकळी होते.